फेज कुठून आणायच्या: मॉलिक्युलर रिप्लेसमेंट की सॅड?

प्रथिनाचे स्फटिक आले, क्ष-किरणांत फिरवून झाले, डेटा हार्ड डिस्कवर आला. त्या डेटात विवर्तित लाटांची तीव्रता असते, पण त्यांच्या फेज, म्हणजे लाटा एकमेकींच्या मागेपुढे किती सरकलेल्या आहेत ते, नसतं; आणि त्याशिवाय इलेक्ट्रॉनांच्या घनतेचा नकाशा, म्हणजे प्रथिनाचा आकार, काढता येत नाही. आता फेज कुठून आणायच्या? कोकणातल्या महाविद्यालयांत शिकवता शिकवता संशोधन करणारे आमच्यासारखे लोक आणि त्यांचे विद्यार्थी या टप्प्यावर हमखास अडतात. हल्ली बहुतेकांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं: अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीनं भाकित केलेलं प्रथिनाचं मॉडेल उतरवून घ्यायचं, मॉलिक्युलर रिप्लेसमेंट करणाऱ्या फेझर या प्रोग्रॅमला द्यायचं, रात्रीपर्यंत नकाशा तयार. हे उत्तर चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या नादात सॅडचा, म्हणजे एकाच तरंगलांबीवरच्या अनोमलस सिग्नलमधून (काही अणू क्ष-किरण जरा वेगळ्या तऱ्हेनं विखुरतात, त्यातून येणाऱ्या बारीक फरकांमधून) फेज काढण्याचा पर्याय कुणी तपासूनही बघत नाही, आणि ते मला पटत नाही. मी एकाच प्रथिनासाठी दोन्ही वाटांनी जाऊन आलो आहे, म्हणून हा आढावा.

प्रथिन होतं तिसऱ्यांमधलं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांमधलं. मालवणच्या बाजूला, कर्ली खाडीत ओहोटीला ज्या तिसऱ्या काढतात, त्यांच्या अंगात साखर ओळखून धरणारी लेक्टिनं असतात. शिंपल्यांकडे आपल्यासारख्या अँटिबॉडी नसतात, त्यामुळे जंतू ओळखण्याचं बरंचसं काम अशा लेक्टिनांवर पडतं. आमचं लेक्टिन कॅल्शियमच्या आधारानं साखर धरणाऱ्या कुळातलं, दोन डोमेनचं (स्वतंत्रपणे घडी पडणाऱ्या दोन भागांचं), मध्ये लवचीक बिजागरी असलेलं. जनुक क्लोन करून ई. कोलायमध्ये बनवलेलं. स्फटिक २.६ अँगस्ट्रॉमपर्यंत विवर्तन देत होते; हे रिझोल्यूशन, आकडा जितका लहान तितका तपशील बारीक. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर फिरतं.

आधी मॉलिक्युलर रिप्लेसमेंटची बाजू घेतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. १९६२ साली मायकेल रॉसमन आणि डेव्हिड ब्लो यांनी रोटेशन फंक्शन मांडलं, तेव्हापासून कल्पना तीच आहे. ओळखीच्या आकाराचं मॉडेल घ्या, ते कुठल्या दिशेला वळलंय ते आधी शोधा, मग युनिट सेलमध्ये, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या चौकटीत, कुठे बसतंय ते शोधा. सहा मितींचा शोध तीन-तीन मितींत तुटतो, म्हणून तो झेपतो. पूर्वी गाडी अडायची ती मॉडेलपाशी. क्रमात तीसेक टक्के साम्य असलेली रचना पीडीबीत, म्हणजे प्रथिनरचनांच्या जागतिक संग्रहात, मिळाली तर ठीक, नाहीतर हेवी अ‍ॅटम शोधत फिरायचं. २०२१ मध्ये अल्फाफोल्ड २ सगळ्यांना खुलं झालं आणि ही अडचण बहुतांशी मिटली. आता २० कोटींहून जास्त प्रथिनांची भाकित मॉडेलं डेटाबेसमध्ये फुकट पडलेली आहेत. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कामासाठी हसाबिस, जंपर आणि नव्या प्रथिनांच्या आराखड्यांसाठी बेकर यांना मिळालं, ते योग्यच झालं.

आमच्यासारख्या ठिकाणी बसलेल्या माणसाला याचं मोल जास्त आहे. एकच डेटासेट पुरतो. सॅडला लागतं तसं सेलेनियम नको, खास तरंगलांबी नको, दुसरा स्फटिक नको. मुंबई-पुण्याच्या एखाद्या प्रयोगशाळेत तांब्याच्या क्ष-किरण स्रोतावर मित्रानं घेऊन दिलेला डेटाही चालतो.

एवढं मात्र करा की भाकित मॉडेल जसंच्या तसं देऊ नका. ज्या भागांचा पीएलडीडीटी, म्हणजे भाकिताच्या खात्रीचा शंभरपैकी आकडा, ७० च्या खाली आहे ते कापून टाका, बाकीच्या भागांत त्या आकड्यांचं रूपांतर बी-फॅक्टरमध्ये (अणू जागेवरून किती हलतो याच्या मापात) करून घ्या, आणि पीएई आलेख (दोन भागांची एकमेकांसापेक्ष जागा किती खात्रीची ते दाखवणारा) बघून डोमेन वेगळे करा. फिनिक्स आणि सीसीपी४ या दोन्ही प्रोग्रॅमसंचांत यासाठी तयार साधनं आहेत. आमचं अख्खं मॉडेल दिलं तेव्हा फेझरच्या हाती काही लागलं नाही. बिजागरीपाशी दोन तुकडे केले, तर पहिला डोमेन लगेच बसला आणि त्याच्या आधारानं दुसरा. भाकितात प्रत्येक डोमेन उत्तम होता, पण दोघांमधला कोन स्फटिकातल्या कोनाशी जुळत नव्हता, एवढंच. टीएफझेड, म्हणजे फेझर उत्तराला देतो तो गुण, आठच्या वर गेला की उत्तर खरं मानायला हरकत नसते. आमचा बराच वर गेला.

फणसाच्या आठळ्यांवर काम करणारी मंडळी आपल्याकडे आहेत, त्यांच्यासाठी तर मॉलिक्युलर रिप्लेसमेंटच योग्य. आठळ्यांतल्या जॅकलिन या लेक्टिनची रचना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. विजयन यांच्या गटानं १९९६ मध्येच प्रसिद्ध केली आहे, आणि पातफणसाच्या लेक्टिनवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम झालेलं आहे. अस्सल, प्रयोगातून आलेलं मॉडेल हाताशी असताना सॅडच्या मागे जाण्यात अर्थ नाही. फक्त इथेही एक काळजी घ्या. जॅकलिनची साखळी बनल्यानंतर तुटते, आणि तुटल्यामुळे मोकळं झालेलं ग्लायसिनचं टोक गॅलॅक्टोज धरायला लागतं. न तुटलेल्या मूळ साखळीचा क्रम भाकिताला दिलात तर मॉडेलही न तुटलेल्या साखळीचंच येईल, आणि गडबड होईल ती नेमकी साखरेच्या जागेपाशी.

आता सॅड. याची मुळं आपल्याच देशात आहेत याचा मला मनापासून अभिमान वाटतो. अनोमलस फरकांवरून फेज काढता येतील हे जी. एन. रामचंद्रन आणि एस. रामन यांनी मद्रासमध्ये बसून १९५६ साली मांडलं होतं. १९८१ मध्ये हेंड्रिक्सन आणि टीटर यांनी क्रॅम्बिन या ४६ अ‍ॅमिनो आम्लांच्या छोट्या प्रथिनाची रचना निव्वळ त्यातल्या सहा गंधक अणूंच्या सिग्नलवरून सोडवली. पुढे मेथिओनिनमधल्या गंधकाच्या जागी सेलेनियम घालायची युक्ती रुळली आणि सॅड हे रोजच्या वापरातलं साधन झालं.

गणिताच्या बाजूनं बघाल तर सॅड अजिबात अवघड नाही. शेलएक्स या प्रोग्रॅमसंचातला शेलएक्ससी फरक काढतो, शेलएक्सडी त्यातून सेलेनियमच्या जागा शोधतो, शेलएक्सई दोन्ही हातांनी (खरी मांडणी आणि तिचं आरशातलं रूप, दोन्ही धरून) नकाशा करून बघतो, आणि स्फटिकात सोल्व्हंट, म्हणजे प्रथिनांमधल्या जागेतलं द्रावण, भरपूर असला तर उजवा कोणता नि डावा कोणता हे पहिल्या काही फेऱ्यांतच कळतं. साखळी आपोआप बांधली जाऊन तिचा डेटाशी सहसंबंध २५ टक्क्यांच्या वर गेला की काम झालं समजा. फिनिक्सचा ऑटोसोल किंवा सीसीपी४ मधला क्रँक२ हेच सगळं एका दमात करतो. दोन्ही पद्धतींचं गणित आजच्या साध्या डेस्कटॉपवर मावतं. जूनच्या पहिल्या वाऱ्यात तारांवर माड पडून आमच्याकडे वीज जाते, तरी इन्व्हर्टरवर फेझरही उरकतो आणि शेलएक्सही. म्हणून संगणकाच्या वेळेवरून निवड करू नका.

सॅडची किंमत मोजावी लागते ती संगणकाच्या आधी. सेलेनोमेथिओनिनच्या माध्यमात जिवाणू मरगळतात, प्रथिन कमी मिळतं, कधी स्फटिकच येत नाहीत. सेलेनियमच्या कडेवर, म्हणजे त्याचा अनोमलस सिग्नल एकदम वाढतो त्या १२.६५८ केईव्ही ऊर्जेवर, डेटा घ्यायचा तर सिंक्रोट्रॉन, म्हणजे प्रखर आणि हव्या त्या तरंगलांबीचे क्ष-किरण देणारं मोठं यंत्र, हवा. आपल्या देशात इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर प्रथिन स्फटिकशास्त्राची पीएक्स-बीएल२१ ही बीमलाइन आहे. सिंधुदुर्गातून तिथे पोचायचं म्हणजे कोकण रेल्वेनं मुंबई गाठायची आणि तिथून पुढे, सोबत द्रवरूप नायट्रोजननं थंड ठेवलेला ड्राय शिपर, म्हणजे गोठवलेले स्फटिक नेण्याचं भांडं. नायट्रोजनची मात्र आपल्याकडे वाटते तेवढी चणचण नाही. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो गावोगाव पोचतो, आणि पशुवैद्यकातल्या माणसांशी संबंध चांगले असले की मार्ग निघतो.

आमच्या हवेचा एक प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो थेट गणितात उतरतो. पावसाळ्यात स्फटिक बारीक धाग्याच्या फासावर उचलून गोठवायला एक क्षण जास्त लागला तरी दमट हवेतलं पाणी त्याच्यावर बसतं आणि डेटात बर्फाची वर्तुळं उमटतात: ३.९०, ३.६७, ३.४४ अँगस्ट्रॉमपाशी ठळक, पुढे २.६७ आणि २.२५ ला. मॉलिक्युलर रिप्लेसमेंटला याचं फारसं सुखदुःख नसतं. त्या पट्ट्यांतले आकडे वगळले तरी मॉडेल बसतं. सॅडचं तसं नाही. अनोमलस फरक मुळात काही टक्क्यांचे, आणि शेलएक्सडी ज्या मधल्या रिझोल्यूशनच्या डेटावर सेलेनियम शोधतो, तिथेच ही वर्तुळं येऊन बसतात. माझ्या अनुभवात जुलैत गोठवलेल्या स्फटिकांचा डेटा सॅडसाठी क्वचितच उपयोगी पडला, तर डिसेंबर-जानेवारीत, सकाळच्या कोरड्या वाऱ्यात गोठवलेल्यांचा नीट चालला. हे मी मोजमाप म्हणून सांगत नाही, पण आमच्या प्रयोगशाळेत आता स्फटिक गोठवायचं काम दिवाळीनंतरच होतं.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग प्रश्नच कुठे उरला? पारडं सरळ मॉलिक्युलर रिप्लेसमेंटकडे झुकलंय. मीही तसंच धरून चाललो होतो. ज्या एका त्रासानं माझं मत फिरवलं, तो आता जरा सविस्तर सांगतो.

लेक्टिनमध्ये बघायची जागा एकच, साखर जिथे बसते ती. आमच्या प्रथिनात त्या जागेच्या तोंडावर नऊ अ‍ॅमिनो आम्लांचा एक लूप, म्हणजे साखळीचा वळसा, आहे आणि त्याच्या मधोमध एक मेथिओनिन. या कुळातल्या प्रथिनांचे असे लूप कॅल्शियम असताना एका आकारात आणि नसताना दुसऱ्या आकारात असू शकतात, हे जुनं ज्ञान आहे. अल्फाफोल्डच्या मॉडेलमध्ये लूप मिटलेला होता, कॅल्शियमवर घट्ट आवळलेला. पीडीबीतल्या ज्या रचनांवर ते शिकलं त्यांतल्या बहुतेकांत कॅल्शियम असणार, तेव्हा साहजिकच आहे. पीएलडीडीटीही चांगला, ८५ च्या वर. म्हणजे कापायच्या नियमात तो भाग येत नव्हता, आला नाही, मॉडेलबरोबर आत गेला. इकडे आमच्या स्फटिकीकरणाच्या द्रावणात सायट्रेट होतं, आणि सायट्रेट कॅल्शियम ओढून घेतं. तेव्हा आमच्या स्फटिकात ती जागा रिकामी असण्याची, आणि लूप उघडा असण्याची, पुरेपूर शक्यता होती.

कूट या नकाशे बघायच्या प्रोग्रॅममध्ये मॉलिक्युलर रिप्लेसमेंटचा नकाशा उघडला. एक सिग्माला (नकाशा किती उंचीवर कापून बघायचा त्याचं हे माप) लूपभोवती घनता दिसते, मुख्य साखळी झाकली जाते, बाजूच्या साखळ्या तुटक. फरकाच्या नकाशात लूपच्या एका अंगाला लाल गोळे (इथे मॉडेल जास्त आहे), दुसऱ्या अंगाला हिरवा धागा (इथे काही राहून गेलंय), पण तो धागा कुठेच जोडला जात नाही. लूप काढून टाकला आणि रिफाइनमेंट, म्हणजे मॉडेल डेटाशी जुळवून घेण्याचं काम, चालवलं. घनता पुसट झाली, पण त्याच वाटेनं, मिटलेल्या लूपचाच आकार घेऊन उभी राहिली. सिम्युलेटेड अ‍ॅनिलिंग करून ओमिट नकाशा (शंकेचा भाग वगळून केलेला) काढला, त्यात दोन्ही वाटा अर्ध्यामुर्ध्या. कंपोझिट ओमिटमध्येही तेच. उघडा लूप बांधून पाहिला, तर त्यालाही थोडी घनता मिळाली. आर-फ्रीकडे, म्हणजे मॉडेल डेटाशी किती जुळतं ते सांगणाऱ्या आकड्याकडे, बघावं तर तो ढिम्म. तीनशेच्या आसपास अ‍ॅमिनो आम्लांत नऊ इकडची तिकडे झाली तर त्याला काय कळणार! असं कितीतरी संध्याकाळी चाललं. शेवटी स्क्रीनकडे बघत असलेल्या एका विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, घनता आहे म्हणून लूप तिथे आहे, की लूप ठेवला म्हणून घनता दिसतेय?"

हा प्रश्न विचारायला ती योग्यच होती, आणि त्या नकाशातून त्याचं उत्तर देता येत नव्हतं. नकाशात दिसणारा आकार ठरवतात त्या फेज, तीव्रता नव्हेत. हेही रामचंद्रन यांनीच श्रीनिवासन यांच्याबरोबर १९६१ साली 'नेचर'मध्ये दाखवून दिलं आहे. तीव्रता एका रचनेच्या घ्या, फेज दुसरीच्या घ्या, नकाशात दुसरीच उमटते. मॉलिक्युलर रिप्लेसमेंटमध्ये आपण पहिल्या फेज मॉडेलकडूनच उधार घेतो. विहिरीत ओरडल्यावर आपलाच आवाज घुमून परत यावा, तसं मॉडेल नकाशातून परत येतं. १.८ अँगस्ट्रॉमचा डेटा असता तर तो मॉडेलला खोडून काढू शकला असता, इतकी माहिती त्यात असते. २.६ ला ती ताकद नसते. सिग्मा-ए वेटिंग (मॉडेलच्या चुका धरून आकड्यांना कमी-जास्त वजन देणं) आणि ओमिट नकाशे या सगळ्यांनी मॉडेलचा पूर्वग्रह कमी होतो, जात नाही. आणि उरतो तो नेमका तिथे, जिथे मॉडेल आणि स्फटिक यांच्यात खरा फरक आहे, म्हणजे ज्यासाठी आपण रचना सोडवायला बसलो तिथे. बाकीचं सगळं प्रथिन सुरेख बसलेलं असताना एवढा एक भाग शंकेत राहणं याचा मला जेवढा त्रास झाला, तेवढा सेलेनियमच्या माध्यमात मरगळलेल्या जिवाणूंचाही झाला नाही.

मग सेलेनोमेथिओनिनचं प्रथिन बनवलं, थंडीत स्फटिक गोठवले, कडेवर डेटा घेतला. रिझोल्यूशन आधीपेक्षा तसूभरही सरस नव्हतं, उलट किंचित कमीच. पण शेलएक्सडीनं सेलेनियमच्या जागा दिल्या, शेलएक्सईनं त्यातला एक हात स्पष्टपणे निवडला, आणि जो नकाशा आला त्यात अल्फाफोल्डचा किंवा आमचा शब्दही नव्हता. लूपची घनता अखंड नव्हती, पण वाट एकच होती: उघडी. त्याहून पक्कं म्हणजे अनोमलस फरकाचा नकाशा. लूपमधल्या मेथिओनिनचं सेलेनियम दहा सिग्माच्या आसपास उंचीचं शिखर होऊन उभं होतं, भाकित मॉडेलमधल्या गंधकाच्या जागेपासून पाचेक अँगस्ट्रॉम दूर. एक अणू, एक शिखर. यात सिग्मा वरखाली करून मनासारखं बघायला वावच नव्हता.

मग जुन्या डेटाचाही उपयोग झाला. तांब्याच्या स्रोतावर, १.५४ अँगस्ट्रॉमला, गंधकाचा अनोमलस वाटा अर्ध्या इलेक्ट्रॉनहून थोडा जास्त, ०.५६. कॅल्शियमचा त्याच्या दुपटीहून अधिक. म्हणजे कॅल्शियम असतं तर त्याचं शिखर गंधकांच्या शिखरांपेक्षा उंच दिसायला हवं होतं. नव्या फेज लावून बघितलं तर डायसल्फाइडांतल्या गंधकांची शिखरं दिसली आणि कॅल्शियमची जागा सपाट. लूप उघडा का, याचं कारणही हातात आलं.

म्हणून माझा कौल, दबक्या आवाजात का होईना, सॅडला आहे. प्रथिन ई. कोलायमध्ये बनत असेल, ७५ ते १०० अ‍ॅमिनो आम्लांमागे एखादं मेथिओनिन असेल, रिझोल्यूशन २.३-२.४ च्या पलीकडे जात नसेल आणि प्रश्न एखाद्या लूपचा किंवा साखर-औषध धरणाऱ्या जागेचा असेल, तर सेलेनियमचा एक प्रयत्न करूनच बघा, असं मी सुचवीन. मेथिओनिन कमी पडत असतील तर आतल्या एखाद्या ल्युसिनच्या जागी मेथिओनिन आणता येतं, तेही रुळलेलं तंत्र आहे. उलट, डेटा २ अँगस्ट्रॉमपेक्षा चांगला असेल आणि घडी ओळखीची असेल, तर मॉलिक्युलर रिप्लेसमेंट करा आणि निर्धास्त पुढच्या कामाला लागा. तिथे सॅडचा अट्टाहास मी स्वतःही करणार नाही.

सॅड म्हटलं की पूर्वग्रहातून कायमची सुटका, असंही समजू नये. हात ओळखण्यात घोटाळा झाला तर सगळं प्रथिन आरशातलं होऊन बसतं. स्क्रू अक्षांमुळे अवकाशगटच, म्हणजे स्फटिकाच्या सममितीचा प्रकारच, उजवा-डावा असेल, तर हात बदलताना तोही बदलावा लागतो. २००६ मध्ये 'सायन्स'मधले एमएसबीए आणि तशाच वाहक प्रथिनांच्या रचनांचे लेख मागे घ्यावे लागले, त्याच्या मुळाशी डेटावर प्रक्रिया करणाऱ्या एका घरगुती प्रोग्रॅमनं अनोमलस फरकांचं चिन्ह उलटं केलं होतं, एवढीच गोष्ट होती. त्या रचना पावणेचार ते साडेचार अँगस्ट्रॉमच्या सुमाराच्या पुसट नकाशांवर बांधलेल्या होत्या, म्हणून चूक वर्षानुवर्षं दिसली नाही. २.६ ला हेलिक्स उजव्या वळणाचं आहे की डाव्या ते डोळ्यांना दिसतं, तेवढं बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सेलेनियम जमतच नसेल, समजा प्रथिन बियांतून किंवा शिंपल्यांतून थेट काढलेलं आहे, तर आयोडाइडचा विचार करा. स्फटिक गोठवण्याआधी थोडा वेळ आयोडाइडच्या द्रावणात बुडवायचा. आयोडिनचा अनोमलस वाटा तांब्याच्या स्रोतावरही जवळजवळ सात इलेक्ट्रॉन असतो, म्हणजे सिंक्रोट्रॉनची वाट बघावी लागत नाही. आयोडाइड कुठे चिकटेल याची खात्री नसते आणि काही स्फटिक त्यात तडकतात. माझे तडकले. पण एका परिचितांचे नीट राहिले आणि त्यांना चांगल्या फेज मिळाल्या, तेव्हा पहिल्याच स्फटिकावरून निष्कर्ष काढू नका.

आणि दोन्हींच्या मधली एक वाट आहे, जी आपल्याकडच्या परिस्थितीत बहुधा सगळ्यात व्यवहार्य ठरेल. सेलेनियमचा डेटा घेतलात, पण सिग्नल कमजोर निघाला, शेलएक्सडीला जागा सापडल्या नाहीत, तर तो डेटा टाकून देऊ नका. मॉलिक्युलर रिप्लेसमेंटनं मॉडेल बसवा, त्या फेज लावून अनोमलस फरकाचा नकाशा काढा आणि सेलेनियमची शिखरं मेथिओनिनांवर पडतात का ते तपासा. फेज उधारीच्या असल्या तरी फ्रिडेल जोड्यांमधले (परस्परविरुद्ध दिशांच्या विवर्तनांच्या जोड्यांमधले) फरक स्फटिकातून आलेले असतात, मॉडेलला त्यांची खबर नसते. सहा शिखरं जागेवर आणि सातवं भलतीकडे असेल, तर त्या सातव्याचं ऐका. पुढे त्या जागा घेऊन फेझरमधूनच मॉडेल आणि अनोमलस सिग्नल या दोन्हींच्या एकत्र फेज काढता येतात. हे आम्ही आधी सुचून केलं असतं तरी लूपचा निकाल लागला असता असं मला वाटतं. नकाशा मात्र शुद्ध सॅडइतका निर्मळ मिळाला नसता.

शेवटी एक काम, जे कुठलीही पद्धत घेतलीत तरी आधीच करून ठेवायचं. डेटा दुसऱ्या कुणी घेऊन देणार असेल तर निरोप स्पष्ट द्या. स्फटिक टिकत असेल तर पूर्ण ३६० अंश फिरवून घ्या, प्रत्येक प्रतिमेला किरणांचा डोस कमी ठेवा, म्हणजे शेवटच्या प्रतिमांपर्यंत स्फटिक जळणार नाही. प्रक्रिया करताना फ्रिडेल जोड्या वेगळ्या ठेवायला सांगा. एक्सडीएस या प्रक्रिया करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी फ्रिडेलच्या नियमाची ओळ 'फॉल्स' करावी लागते. जोड्या एकत्र करून आलेल्या फाइलमधून अनोमलस सिग्नल पुन्हा बाहेर काढता येत नाही, आणि बऱ्याचदा आपल्या हातात येते ती तशीच फाइल. म्हणून प्रक्रिया केलेल्या आकड्यांबरोबर मूळ प्रतिमाही मागून घ्या. त्या डिस्कवर भरपूर जागा खातात आणि आमच्याकडच्या इंटरनेटवरून उतरत नाहीत, तेव्हा रिकामी हार्ड डिस्क स्फटिकांबरोबरच पाठवा.